खंडेनवमीला धुतलेली काच

मित्रांनो, मी एक जुनी काच आहे. हल्ली परंड्याच्या एका घरात तसबिरीला बसवलेली आहे. माझ्यात डोकावलात तर तुमचंच तोंड दिसेल. पण एके काळी माझ्यावर एक तारा उतरला होता. हसू नका, खरं सांगते.

मी फोटोची काच. उजेड पडला की काळी होणारी पातळ साय माझ्या एका अंगाला होती. दूरच्या एका वेधशाळेत मला दुर्बिणीमागं बसवलं. लोलकातून फाकलेला एका मंद ताऱ्याचा उजेड तीन रात्री माझ्यावर पडत राहिला. औषधात धुतल्यावर बोटभर लांब काळा पट्टा उमटला आणि त्यात केसाएवढ्या रेघा. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेघांची जागा ठरलेली असते. ताऱ्यात काय आहे ते त्यावरून कळतं.

रेघा मोजायचं काम राघवेंद्राकडं होतं. तो मूळचा परंड्याचा, नोकरीसाठी तिकडं गेलेला. माझ्यावर लोखंडाच्या रेघा जवळजवळ नव्हत्याच. वेधशाळेचे साहेब म्हणाले, "काच फसली. टाकून द्या."

फसली म्हणे! असा संताप आला मला!

राघवेंद्र म्हणाला, "साहेब, हायड्रोजनच्या रेघा बघा किती ठसठशीत आहेत. काच फसली असती तर त्याही पुसट आल्या असत्या."

"दसऱ्यानंतर मापं घेऊन या. नाही पटली तर हा विषय बंद."

सुट्टीत त्यानं मला कुणाला न विचारता फडक्यात गुंडाळलं आणि घरी आणलं. निजामी जाऊन तेव्हा पंधरा वर्षं झाली होती. घरी त्याची थोरली बहीण शांताक्का. आईबाप गेल्यावर तिनंच त्याला वाढवलं, शिकवलं. चार दिवस तो खिडकीशी भिंग लावून मला मोजत बसला.

"एवढं काय बघतोस रे राघू?" ती विचारायची.

"तुला नाही कळायचं, अक्का."

खंडेनवमी आली. त्या दिवशी घरातली विळी, अडकित्ता, कात्री सगळं घासूनपुसून पुजायचं. राघवेंद्र झेंडू आणायला बाजारात गेला होता. अक्काला वाटलं, भावाचं हत्यार तेवढं पुजेवाचून कसं ठेवायचं?

तिनं मला पाण्यात बुडवलं. माझी साय फुगली. मग चिंच लावली, मग राख. मला तोंड असतं तर किंचाळले असते हो! ती मात्र मायेनं घासत होती.

राघवेंद्र आला तेव्हा मी हळदकुंकू लावून पाटावर होते.

"लई काळी झालती रे तुझी काच. बघ कशी लख्ख निघाली!"

त्यानं मला उचलून उजेडात धरलं. एकही रेघ उरली नव्हती.

पुढं व्हायचं तेच झालं. वहीत मापं होती, पण काचेवाचून ती कोण मानणार? न विचारता काच नेली म्हणून नोकरी गेली. ते पत्र आलं तेव्हा अक्का भिंतीला टेकून उभी राहिली. म्हणाली, "आता तरी सांग. काय होतं तिच्यावर?"

"अक्का, आपली आकाशगंगा आधी वायूचा अवाढव्य गोळा होती, असं विद्वान म्हणायला लागलेत. तो आकसत भाकरीसारखा चपटा झाला. पण त्याआधीच काही तारे जन्मले होते. ते भाकरीत आले नाहीत. तिच्या वरखाली, चहूबाजूंनी विरळ फिरत राहिले. लोखंड ताऱ्यांच्या पोटात तयार होतं. तारा फुटला की ते पुढच्यांना मिळतं. या पहिल्यांना द्यायला मागं कुणी नव्हतंच. म्हणून त्यांच्यात लोखंड जवळजवळ नाहीच. माझा तारा त्यांतला होता."

अक्का म्हणाली, "म्हणजे घरातलं पहिलंच लेकरू. त्याच्याआधी कुणी मिळवून ठेवलेलं नाही, तर त्याला काय मिळणार?"

"तेच, अक्का. अगदी तेच."

"एवढंच होतं?" अक्का म्हणाली. "मग मला आधी का नाही सांगितलंस रे? मी हात तरी लावला असता का तिला?"

त्यानंतर राघवेंद्रानं आयुष्यभर परंड्यातच एका दुकानात हिशेबाच्या वह्या लिहिल्या. दुर्बिणीला पुन्हा डोळा लावला नाही.

मित्रांनो, दुसऱ्याची वस्तू विचारल्यावाचून घासू नका, हे तर सांगतेच. पण तुमचा जीव ज्या वस्तूत गुंतलाय, ती काय आहे हे घरच्या माणसाला सांगा. त्याला कळणार नाही असं परस्पर ठरवू नका. अक्काला कळलं होतं. एका बैठकीत कळलं होतं.