थोरुनच्या भट्टीची तब्येत

थोरुनला घर सोडायचं होतं, आणि तिच्या मुलांना ते ठेवायचं होतं. मुलं त्या घरात राहत नव्हती, हे वेगळं सांगायला नको. बाल्डुर व्हँकुव्हरला, जिथे बर्फ पडला की लोक फोटो काढतात. क्रिस्टीन टोरांटोला. दोघांनाही कॅनडातल्याच गिम्ली या छोट्या गावातलं ते घर म्हणजे आपलं बालपण वाटायचं. त्या बालपणासमोरचा बर्फ मात्र ऐंशी ओलांडलेली थोरुन फावड्यानं उपसायची.

तिला तळ्याकाठच्या नव्या इमारतीत जायचं होतं. तिथे तिची मैत्रीण सिग्गा राहत होती, रोज दुपारी पत्त्यांचा डाव बसायचा. पण मुलांना सांगायची तिची हिंमत होत नव्हती. मी शेजारीण. मी म्हटलं, "अगं, सरळ सांगून मोकळी हो ना!"

"त्यांना वाईट वाटेल. त्यापेक्षा तळघरातली भट्टी गेली असं कुणी माहीतगार म्हणाला, तर तीच म्हणतील, आई, तिथे नको राहूस. भट्टीला काय वाईट वाटायचंय?"

घरभर ऊब सोडणारी ती गॅसची भट्टी जुनी होतीच. सुरू होताना अशी किंचाळायची की माझा कुत्रा भुंकायचा. थोरुननं फोनवर मुलांना ते किंचाळणं ऐकवलं. बाल्डुर म्हणाला, "आधी तिचं वय आणि तब्येत कुणाकडून तरी नीट तपासून घे."

ऐन जानेवारीत विनिपेग शहरातून भट्टी तपासणारा रोडेल आला. मूळचा फिलिपिन्सचा, गोल चेहऱ्याचा, टोपीखाली आणखी एक टोपी. थोरुननं त्याला कॉफी दिली, पुढ्यात आलुबुखाराच्या थरांचा केक ठेवला आणि वर सुचवलं, "म्हातारी झालीय हो ती. आता तिचं काही खरं नाही."

"बघू या, मॅडम," रोडेल म्हणाला.

आम्ही तिघं तळघरात उतरलो. भट्टीवरच्या पट्टीवर थोरुनच्या नवऱ्यानं, एइनारनं, कधीतरी भिंतीचा उरलेला हिरवा रंग फासला होता. रोडेलनं तो हलकेच खरवडला आणि खालचं बनावटीचं साल मोठ्यानं वाचलं.

"अगंबाई, ही क्रिस्टीनच्या जन्माच्या वर्षीची!" थोरुन म्हणाली. "म्हणजे मोडीतच की!"

"वय झालंय, मॅडम. तब्येत अजून बघायचीय."

त्यानं झाकण काढलं, टॉर्च आणि छोटा आरसा आत घालून पत्रा न् पत्रा पाहिला. गंज नाही. मग भट्टी पेटवली. निळीशार ज्योत उभी राहिली. "आता पंखा सुरू होईल. तेव्हा ज्योत हलली, तर आतला पत्रा तडकलाय असं समजायचं. मग विषारी वायू घरात येतो. मी स्वतः भट्टी बंद करून जाईन."

थोरुन गुडघे धरून वाकली, नाक अगदी भट्टीला लावलं. पंखा किंचाळत सुरू झाला.

"हलली! मी पाहिली!"

"तो तुमचा श्वास आहे, मॅडम. जरा मागे व्हा."

ती मागे झाली. ज्योत जागची हलली नाही. धुराड्यात यंत्र धरून त्यानं वायूही मोजला, तोही ठीक निघाला.

"पण ती किंचाळते त्याचं काय?" थोरुननं शेवटचा प्रयत्न केला.

रोडेलनं पंख्याचा सैल पट्टा ताणला, दोन ठिकाणी तेल सोडलं. किंचाळणं थांबलं. तळघरात इतकी शांतता झाली, की थोरुनकडे बघवेना.

"गॅस जास्त खाते, नव्या भट्टीपेक्षा बराच. पण खाल्लेल्याला जागते. सांभाळलीत तर अजून बरीच वर्षं काढेल. फार सुंदर आहे हो!" असं म्हणत त्यानं तिच्या पत्र्यावर थाप मारली.

थोरुन जिन्याच्या पायरीवर बसली आणि तिनं त्या परक्या माणसाला सगळं सांगून टाकलं. पत्ते, सिग्गा, फावडं, मुलं. रोडेल उभ्यानं ऐकत राहिला. मग टोपी काढून म्हणाला, "मी असं विचारू नये खरं तर. आम्ही भाड्यानं राहतो, तिथली उष्णता घरमालकाच्या हातात. माझी आई यायचीय गावाहून, ती गारठून जाईल. हे घर तुम्ही विकाल? किंमत दुसऱ्या कुणाकडून ठरवून घ्या. मी तपासलेलं मीच घेतोय, असं नको."

संध्याकाळी बाल्डुरचा फोन आला. मी तिथेच होते.

"काय म्हणाला तो माणूस?"

"ठणठणीत आहे म्हणाला. अजून बरीच वर्षं चालेल."

"बघ! मी म्हणत नव्हतो?"

"हो ना. म्हणून तर तो घर घेतोय."

पलीकडे बाल्डुरचा आवाज लहान मुलासारखा झाला. "आई, तुला तिथे राहायचं नव्हतं? कधीपासून?"

"बाबा गेल्यापासून."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही माझं कुठे विचारलंत? भट्टीचं विचारलंत."

हे बोलून ती स्वतःच घाबरली. रिसीव्हर माझ्या हातात देऊन स्वयंपाकघरात निघून गेली. बाल्डुर रडत होता. मी त्याला हवापाणी विचारलं, दुसरं काय विचारणार?

वसंतात दोन्ही मुलं आली, सामान हलवायला. भांडली, रडली, जुने स्केट्स कुणी न्यायचे यावरून अबोला धरला, आणि गेली. रोडेलच्या आईनं आल्या आल्या माझ्या कुत्र्याला भात घालायला सुरुवात केली.

थोरुनच्या नव्या घरात इतकं उकडतं, की भर हिवाळ्यात ती खिडकी किलकिली ठेवून पत्ते खेळते. त्या इमारतीची भट्टी कुठे आहे, तिला ठाऊक नाही. तिनं कुणाला विचारलेलंही नाही.