लंगडणाऱ्याचा घोडा

आमच्या आलायच्या खोऱ्यात माणूस गेला की मयताच्या जेवणाला त्याचाच घोडा कापतात. आजोबा गेले, पण त्यांचा घोडा मला जिवंत हवा होता. म्हणून त्याला डोंगराकडे हाकलायला मी पहाटे कुंपणावरून उडी मारली आणि पाय मुरगळला.

आजोबांचा गुडघा अधू होता. लंगडत येणारा माणूस दिसला की त्याला चढता यावं म्हणून खाली बसायचं, एवढंच त्यांनी घोड्याला शिकवलं होतं. तो बसला. मी ढकललं, शिव्या दिल्या. तो माझी वाट बघत राहिला. चढून पळावं, हे मला सुचलंच नाही.

घोड्याला कापायला पाडावं म्हणून दोर घेऊन केरिमकुलकाका आले, मागे आणखी चौघे.

“एकट्यानं पाडलास होय रे? आम्ही उगाच पाच जण आलो.”

जेवणात मांडीचं मानाचं हाड मला मिळालं. मांस मऊ होतं.