शुद्ध तांब्याचं दिव्य

बुडबुड्यांनी खदखदणाऱ्या तेलात गुंडोस्वामींनी कोपरापर्यंत हात घातला, तळाचं सोन्याचं नाणं उचललं आणि हात उंच धरून सगळ्यांना दाखवला. फोड नाही, साधी लालीही नाही. चेन्नईतल्या अंबत्तूरच्या त्या सभागृहात जमलेल्या तंजावरी मराठी मंडळींनी असा जयघोष केला की छताला फिरणाऱ्या पंख्यांचा खडखडाट त्यात बुडून गेला. बायकांनी भक्तीने गालांवर चापट्या मारून घेतल्या.

"पाहिलेंत?" स्वामी माइकमधून गरजले. "माझें मन निर्मळ, म्हणून अग्नी मज शिवला नाहीं. हें पात्र तंजावरचे राजसभेंतलें आहे! तीनशें वर्षें चोर धरीत आलें आहे! आतां इथल्या चोराची पाळी!"

मंडळाच्या देवीचा सोन्याचा हार चोरीला गेला होता. पोलिसांत तक्रार द्यायची सोडून सचिव श्रीवत्सअण्णांनी या स्वामींना बोलावलं होतं. अण्णा बँकेतून निवृत्त झालेले. सही जुळल्याशिवाय त्यांनी आयुष्यात कुणाला पैसा दिला नसेल. पण स्वामींनी पातेलं दाखवून 'दिव्य' हा शब्द काढला आणि अण्णा विरघळले. जुन्या मराठी राज्यात संशयिताला उकळत्या तेलातून धातूचा तुकडा काढायला लावत. हात भाजला तर चोर, नाही भाजला तर साव. मंडळींनी हे आजोबा-पणजोबांच्या तोंडून ऐकलेलं होतं, आणि राजदरबाराचं नाव निघालं की त्यांचे डोळे आपोआप पाणावत. स्वामींनी नेमकी ती नस पकडली होती.

विद्युलता पहिल्या रांगेत बसली होती आणि तिला त्या जयघोषात सामील होता येत नव्हतं. नोकरीसाठी नागपूरहून चेन्नईला आलेली ही धातुतज्ज्ञ अंबत्तूरच्याच एका प्रयोगशाळेत काम करी. शहराबाहेरच्या इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यांचे सुटे भाग तपासायचे, आणि अधूनमधून जुन्या मूर्ती, भांडी आली की ती कुठल्या काळातली, कशी घडवलेली हे शोधायचं. एक्स-रे टाकून धातू ओळखणारं पिस्तुलासारखं यंत्र घेऊन यायला अण्णांनी तिला आज मुद्दाम सांगितलं होतं. पातेल्याच्या प्राचीनतेवर विज्ञानाचा शिक्का हवा होता.

तेल ओतण्याआधी तिने पातेल्याला यंत्र लावलं, तेव्हा पडद्यावरचा आकडा स्वामींनीच वाकून वाचला होता. "नव्याण्णव पूर्णांक नऊ! निव्वळ शुद्ध तांबें! यंत्रसुद्धां राजाला मुजरा करतें आहे!" टाळ्यांचा पाऊस पडला. तिने तळाजवळच्या सांध्यावर यंत्र धरलं आणि तिच्या कपाळावर आठी पडली. "अण्णा, हे भांडं जुनं नाहीये," ती हळू आवाजात म्हणाली होती. अण्णांनी हात जोडले. "अम्मा, कार्य होऊं द्या. मग सावकाश सांगा." कार्य म्हणजे आरती, प्रसाद असंच काही असेल, असं तिला वाटलं होतं. मग तेल ओतून स्वामींनी मंत्र म्हणत त्यात लिंबं पिळली होती आणि आधी स्वतःचा हात घातला होता.

आता खरं कार्य सुरू झालं. मंडळाच्या देवळाचा स्वयंपाकी गिरीधर याला दोन शिष्यांनी धरून आणलं. देवळाची किल्ली त्याच्याकडे असे, म्हणून पहिला संशय त्याच्यावर. स्वामींनी लांबलचक स्तोत्र आरंभलं. ते संपता संपेना. तोवर एक शिष्य खाली बसून शेगडीचं बटण हळूच फिरवत राहिला. तिळाच्या तेलाचा करपट वास पहिल्यांदाच नाकात शिरला आणि पातेल्यावर निळसर धूर तरळू लागला. विद्युलता जागेवरून उठली. मघाशी तेल खदखदत होतं तेव्हा ना वास होता, ना धूर.

"थांबा!" ती ओरडली. पण तोवर शिष्यांनी गिरीधरचा हात आत दाबला होता.

ती किंकाळी ऐकून पुढच्या रांगेतली लहान मुलं रडायला लागली. हात बाहेर आला तेव्हा मनगटापर्यंतची कातडी सुटून लोंबत होती. एखाद्याला वाटेल, आता तरी लोक भानावर आले असतील. छे! "चोर! चोर!" करत ते त्याच्यावर तुटून पडले. चपला बसल्या, लाथा बसल्या, खुर्ची मोडून तिचा पाय पाठीत बसला. सगळ्यांत मोठ्याने ओरडत होत्या राजसबाई. देवीला रोज फुलांचा हार घालणाऱ्या त्या साठीच्या विधवा बाई. "मारा त्यास! हार कुठें ठेवला तें सांगेपर्यंत सोडूं नका!"

हार गिरीधरकडे असता तर त्याने सांगितलंही असतं. मार थांबावा म्हणून माणूस करतो ते त्याने केलं. तोंडाला आलं ते एक नाव घेतलं. "मुरली! मुरलीने नेला!"

राजसबाईंचा आवाज तुटला. मुरली त्यांचाच एकुलता एक मुलगा. इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात लेथ यंत्रावर काम करणारा, त्याच दोन हातांवर दोघांचं घर चाललेलं. तो मागे पाण्याच्या बाटल्या वाटत होता. त्याला काही कळायच्या आत पहिला ठोसा बसला आणि ओठ फाटला. "अय्यो, मी काय केलं? अम्मा!" तो ओरडत होता, आणि दर आठवड्याला त्याच्याबरोबर क्रिकेट खेळणारे त्याला केसांना धरून शेगडीकडे ओढत होते. राजसबाई एकेकाच्या पाया पडू लागल्या. "माझा लेक नव्हे हो तसला! त्याचा हात गेला तर आम्ही खावें काय?" मघाशी त्यांच्या तालावर ओरडणाऱ्यांपैकी एकानेही त्यांच्याकडे पाहिलं नाही.

विद्युलताने पोलिसांना फोन केला होता. "येतो अम्मा," म्हणाले होते. पण पोलीस येईपर्यंत त्या पोराचा हात राहणार नव्हता. तिला भीती वाटत होती. तरी ती मंचावर चढली आणि तिने स्वामींच्या हातातला माइक हिसकावला.

"स्वामींनी पुन्हा हात घालावा! याच तेलात, आत्ता, मुरलीच्या आधी!"

मुरलीला ओढणारे जागीच थांबले.

"दिव्य एकदांच असतें," स्वामी म्हणाले.

"निर्मळ मन एकदाच असतं का? आगीला पुन्हा विचारा की!"

"ही बाई नास्तिक आहे! राजाचे पात्राचा अपमान करते!"

"कुठल्या राजाचं? मघाशी शुद्ध तांबं म्हणून तुम्ही टाळ्या घेतल्यात ना? तिथेच तर चोरी पकडली गेली! तीनशे वर्षांपूर्वीच्या भट्टीत तांबं इतकं शुद्ध होत नसे. शिसं, आर्सेनिक, अँटिमनी, काही ना काही मागे राहायचंच. ती मिसळच त्या काळाची खूण असते. असं तांबं आज विजेच्या प्रवाहाने करतात, वायरींसाठी. आणि तळाच्या सांध्यात चांदी आणि फॉस्फरस आहे. तुमच्या घरच्या एसीच्या नळ्या ज्या धातूच्या काडीने जोडतात ना, ती! तंजावरच्या दरबारात एसी होता का हो?"

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. ते हसू स्वामींना झोंबलं. "ओढा तिला खालीं!" शिष्याने तिचा दंड पिरगाळला, ती शेगडीवर कोलमडली आणि पातेलं कलंडलं. तेल तिच्या पावलावर सांडलं. कळ मस्तकात गेली. त्याच झटक्यात मुरलीने अंग सोडवून घेतलं, पंच्याने पातेलं धरलं आणि उपडं केलं.

"अक्का," तो तोंडातलं रक्त थुंकत म्हणाला, "हे हातोडीने ठोकून घडवलेलं नव्हे. जुनं दिसावं म्हणून फासलेल्या ह्या हिरव्या रंगाखाली लेथच्या रेघा आहेत. आणि आत हे पाहा, दुसरा तळ!"

आतल्या तळाला सुईच्या टोकाएवढी असंख्य भोकं होती आणि त्यांतून पांढरा लगदा ओघळत होता. पावलाची कळ सोसत विद्युलता उठून उभी राहिली.

"हा खायचा सोडा आहे. दोन तळांच्या मधे ठासलेला. तेल ओतल्यावर स्वामींनी मंत्र म्हणत लिंबं पिळली, तुम्ही सगळ्यांनी पाहिलीत. रस तेलाखाली बसला, सोड्याला भेटला आणि बुडबुडे आले. तेल उकळलं नव्हतंच, कोमट होतं! मग स्तोत्राच्या नावाखाली शेगडी मोठी केली आणि खऱ्या उकळत्या तेलात गिरीधरचा हात घातला. कोण चोर ठरणार हे देव ठरवत नव्हता, शेगडीचं बटण ठरवत होतं!"

स्वामी मागच्या दाराकडे सरकले. पण आता लोकांचा राग वळला होता. मघाशी ज्यांनी गिरीधरला तुडवलं, त्याच हातांनी स्वामींची जटा धरली. ती नकली निघाली, टोपासारखी हातात आली. त्यांच्या नाकातून रक्त वाहू लागलं. कुणीतरी स्वयंपाकघरातून कढई आणली, डब्यातलं तेल ओतलं, शेगडी पेटवली. "घाला ह्याचा हात! आता खरं दिव्य होऊं द्या!"

तेव्हा मुरली पुढे झाला आणि त्याने सिलिंडरचा रेग्युलेटर ओढून काढला. ज्योत विझली.

"नको," तो म्हणाला.

"तुज मारलं रे ह्याने!"

"ह्याने नाही मारलं. तुम्ही मारलंत."

विद्युलता खुर्चीचा आधार घेऊन उभी होती. "यांना पोलिसांच्या ताब्यात द्या," ती म्हणाली. "भाजलेल्या हाताने चोर सापडत नाही. तेल सगळ्यांनाच भाजतं, सावालाही आणि चोरालाही. खरं भांडं असतं, खरा राजा असता, तरी हे दिव्य खोटंच असतं."

श्रीवत्सअण्णा घामाघूम होऊन पुढे आले. "मग हार नेला कोणी?"

"माहीत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे मला माहीत नाही, अण्णा. तुम्हालाही नाही. हे एवढं कबूल केलं असतंत, तर आज त्या माणसाचा हात शाबूत राहिला असता. माहीत नसेल तेव्हा शोध घ्यावा, पुरावा मागावा, पोलिसांकडे जावं. वेळ लागतो. लागू द्या."

बाहेर पोलिसांची गाडी थांबली. कोपऱ्यात गिरीधर भिंतीला टेकून कण्हत होता. राजसबाई मुलाकडे गेल्या नाहीत. त्या पाण्याची कळशी घेऊन गिरीधरपाशी बसल्या आणि त्याच्या हातावर गार पाणी ओतत राहिल्या. गिरीधरने मान फिरवली. त्यांनी ओतणं थांबवलं नाही.