सुगराबीचा वाटा

शब-ए-बारातच्या संध्याकाळी घरातल्या गेलेल्या माणसांची नावं घेऊन फातेहा द्यायची, आणि ती नावं रहीममियाँना तोंडपाठ. आईबाप, दोन भाऊ, तान्हेपणीच गेलेली बहीण, सगळे ओळीनं यायचे. आजोबांची पाळी आली की मात्र मियाँ नुसते खाकरायचे आणि पुढच्या नावाकडे वळायचे. त्यांच्या मुलीला, मलिकाला, लहानपणी वाटायचं की पणजोबांना असंच बोलवायचं असतं.

पणजोबांचं नाव हेर्मान. जर्मनीतून आलेला माणूस, इंग्रजांच्या जंगलखात्यात सागवान मोजायला ठेवलेला. कलमा पढून त्यानं गडचिरोलीच्या एका मणियाराच्या बहिणीशी, सुगराबीशी, निकाह लावला. एकोणीसशे चौदा साली सुगराबी मुलाला घेऊन माहेरी गेली आणि महिनाभरानं परतली, तर जंगलातल्या बंगल्याला कुलूप. साहेब आपल्या मुलखाला पळाला, असं चौकीदारानं सांगितलं. झालं. गडचिरोलीत भावाजवळ राहून ती बायकांना बांगड्या भरायला लागली. घराण्याला त्याच्याकडून दोनच गोष्टी मिळाल्या, घारे डोळे आणि 'भगोड्याचे' ही ओळख. या ओळखीपायी रहीममियाँचं ठरलेलं लग्न एकदा मोडलंही होतं.

तो खरंच पळाला का, हे मलिकानं एकदा विचारलं होतं. अब्बा दोन दिवस जेवले नव्हते. मग तिनं विचारणं सोडलं, पण डोक्यातून काही गेलं नाही.

अठ्ठ्याण्णवच्या हिवाळ्यात, शब-ए-बारातला आठ दिवस असताना, ती चामोर्शीच्या बाजारात बांगड्यांचं दुकान मांडून बसली होती. जवळच्याच गावची कुंता ढिवरीण हात पुढे करून बसली. उद्या तलाव मारायचा आहे, मासोळ्या धरायला सारं गाव पाण्यात उतरेल, तेव्हा बांगड्या घट्टच भर, असं तिचं चाललं होतं. मलिकानं मनगट दाबता दाबता सहज विचारलं, घरं किती तुमची?

"बावीस घरं. वाटे तेवीस."

"एक वाटा कोणाचा मग?"

"सुगराबीचा. आमच्या तलावाची देवी हाये नं ते."

मलिकाच्या हातातली बांगडी तडकली. ढिवरांच्या तलावाला मुसलमान नावाची देवी कशी, हे कुंताला कधी सुचलं नव्हतं. देवीला कोण जात विचारतं?

दुसऱ्या दिवशी दुकान न मांडता मलिका त्या गावी गेली. तलावाच्या बांधावर, पाळीवर, पळसाच्या पानांवर मासोळ्यांचे ढीग लागत होते. वाटे पुकारायचं काम म्हाताऱ्या डोमाचं. मलिकानं त्याला बाजूला घेतलं आणि आपण कोण ते सांगितलं. डोमानं तिच्या डोळ्यांकडे बराच वेळ पाहिलं. मग पाळीवर बसून त्यानं आपल्या आजाकडून ऐकलेलं सांगितलं. साहेबानं फुटलेली पाळ बांधून दिली होती, म्हणून गावानं त्याला एक वाटा लावला. नुसता वाटा घेणं त्याला पटेना, म्हणून तोही जाळं धरायला उतरायचा. असाच कमरेएवढ्या पाण्यात असताना दोन शिपाई आले. तिकडे लढाई लागली होती आणि इंग्रज जर्मन माणसं धरून नेत होते. त्याला कपडेही बदलू दिले नाहीत.

"जाता जाता आजाले बोलला, माही बायको पोराले घेऊन येईल, तिचा वाटा तिले देजा. ते आली नाई, तिचं माहेर कोठं ते कोणाले ठाव नाई. आमी काई बंद केलं नाई."

मलिकानं विचारलं, ती देवी कधी झाली?

"मीच केली," डोमा जरा लाजला. "बाई म्हटलं असतं तं वाटा कवाच कोणी खाल्ला असता."

सुगराबी आली नाही की तो वाटा गावातल्या एखाद्या विधवेला जायचा. यंदा पाळी इतवारीबाईची होती, ती टोपलं घेऊन तयारच उभी होती. बावीस नावं झाली. डोमा उठला, तळ्याकडे तोंड करून त्यानं हाक दिली, सुगराबी! रिवाजाप्रमाणे तीन हाका. पहिली गेली. दुसरी गेली. तिसरीला ती म्हणाली, "ओ."

सारं गाव वळलं. कुंता आपल्या हातातल्या बांगड्यांकडे बघत दोन पावलं मागे सरली.

मलिकानं ढिगातली एक मरळ उचलली आणि बाकीचा वाटा इतवारीबाईच्या टोपल्यात ओतला. पुढल्या साली हाक मारू का, असं डोमानं विचारलं. मारत जा, मी येत जाईन, ती म्हणाली.

रात्रीच्या जेवणाआधी तिनं अब्बांना सारं सांगितलं. ते भिंतीकडे बघत ऐकत होते.

"ओल्या कपड्यानंच नेलं?"

"हो अब्बा."

मग ते जेवायला बसले. मरळ काटे काढून काढून सगळी एकट्यानं संपवली.

शब-ए-बारातच्या संध्याकाळी नावं सुरू झाली. आजोबांची पाळी आली तसे मियाँ सवयीनं खाकरले आणि पुढचं नाव घेऊन टाकलं. मग थांबले. मागे आले.

"हेर्मान," ते म्हणाले, आणि तिथेच अडले. प्रत्येक नावामागे बापाचं नाव घ्यायचं असतं; आपल्या बापाच्या नावामागे तेवढं ते आजवर गाळत आले होते. त्यांनी मलिकाकडे पाहिलं.

"याच्या बापाचं नाव काय होतं, बेटी? कुठी पत्ता लागंल काय?"