ताजं हे विशेषण

बावन्न साली मी एक विशेषण वापरलं आणि त्यापायी एक माणूस दोन वर्षं तुरुंगात गेला. विशेषण होतं 'ताजं'.

तेव्हा मी बुडापेस्टच्या एका दैनिकात वार्ताहर होते, सव्वीस वर्षांची, आणि स्वतःच्या लेखणीवर भलतीच खूश. संपादकांना खेड्यातली सुखी बाई हवी होती. तिसा नदीकाठच्या एका गावात एटेल्का नावाच्या बाईने मला घरात घेतलं, सॉसेज आणि आंबवलेला कोबी वाढला, वर घरची पालिंका, म्हणजे फळांची कडक दारू, पाजली. आमच्याकडे नवऱ्याच्या नावाला 'ने' जोडलं की झालं बायकोचं नाव. ती सगळ्यांसाठी नुसती चोर्दाश वेंडेल-ने. मला ते खटकायचं, म्हणून मी मोठ्या ऐटीत तिचं माहेरचं नाव छापलं : 'शुयोक एटेल्काच्या स्वयंपाकघरात ताज्या सॉसेजचा घमघमाट सुटला होता.'

त्या दिवसांत परवान्याशिवाय डुक्कर कापणं गुन्हा होता, हे शेंबडं पोरही जाणत होतं. ताजं सॉसेज म्हणजे नुकतंच कापलेलं डुक्कर; पण मला वाक्याची लय आवडली होती. लेख छापून आला आणि चौथ्या दिवशी पोलिसांनी तिच्या नवऱ्याला, वेंडेलला उचललं. मला महिन्याभराने कळलं. मी कोणाजवळ ब्र काढला नाही.

एकोणीस वर्षांनी, पाच पुस्तकं नावावर जमा झाल्यावर, त्याच गावच्या वाचनालयाने मला बोलावलं. या खेपेला तिला सांगायचंच, असं मी आगगाडीत दहादा घोकलं.

वाचन संपलं आणि सह्यांच्या रांगेत पहिली एटेल्काच उभी. पिशवीतून तिने काचेत बसवलेलं कात्रण काढलं.

"ओळखलंत का, बाई? माझ्याकडे जेवला होतात तुम्ही."

"ओळखलं," मी म्हटलं.

"हे आमच्या वेंडेलच्या फोटोशेजारी असतं. तो गेला हो. तुरुंगातून आला तोच छाती खराब करून." तिने आवाज खाली आणला. "त्या बोर्चाने चुगली केली. शेजारीण माझी. डुक्कर भाजल्याचा वास गेला कुंपणापलीकडे, आणि मी वाटा पाठवला नाही म्हणून जळली मेली. ती बघा, मागे बसलीय. एकोणीस वर्षं एक शब्द बोलले नाही मी तिच्याशी."

'ती नाही, मी.' एवढंच म्हणायचं होतं. मी विचारलं, "पुस्तकावर नाव काय घालू?"

"एटेल्का घाला की! मला गावात कोण म्हणतं एटेल्का? दवाखान्यात वेंडेल-ने, चर्चमध्ये वेंडेल-ने. माझं नाव छापून आलं ते एकदाच, तुमच्यामुळे."

मी लिहिलं, 'एटेल्काला, प्रेमपूर्वक.' प्रेमपूर्वक! लाजेने कान तापले, पण हात काही थांबला नाही. ती पुस्तक छातीशी धरून निघून गेली.

रांगेत शेवटी बोर्चा आली. एटेल्का दाराबाहेर पडेपर्यंत मुद्दाम थांबली होती.

"तो लेख मीही वाचला होता," ती म्हणाली. "ताजं म्हणे! हिवाळा सरल्यावर, मार्च महिन्यात, परवाना नसलेल्या घरात."

मी खुर्चीतून उठले. "मग तुम्ही तिला सांगितलं का नाही?"

"सांगणार होते. पहिली दोन-तीन वर्षं रोज मनातल्या मनात भांडायचे तिच्याशी. मग वेंडेल गेला आणि तिने ते कात्रण काचेत बसवलं. स्वतःच्या नावाचं तेवढंच आहे तिच्याकडे. ते कसं काढून घेऊ? अजून दोघातिघांना माहीत आहे. त्यांची तोंडं मीच बंद केलीत."

"मी सांगते तिला. आत्ता जाते."

"बसा खाली. आता तिचं तेवढंही हिसकावू नका. गप्प बसणं जमतं की तुम्हाला."

आणि खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं. सुटले, असंच वाटलं. त्या विशेषणाची वाटत नाही एवढी लाज मला त्या क्षणाची वाटते.

मी बोर्चाच्या हातातलं पुस्तक ओढून घेतलं. "काय नाव घालू?"

"माझं नको. तुमचंच घाला. नीट वाचता येईल असं."

मी सही केली. तिने पुस्तक दिव्याखाली धरलं, बराच वेळ बघितलं आणि परत माझ्यापुढे ठेवलं. "अक्षर लागत नाही," ती म्हणाली. "पुन्हा करा."