तोडायचा वाख

लढाईमुळं बंगालचा ताग मिळेनासा झाला, तेव्हा बदनापूरच्या रामरावांनी अंबाडीच्या दोरांचा कारखाना काढला. अंबाडीचा वाख, म्हणजे तिच्या सालीचा धागा, बाभळीच्या सालीच्या काढ्यात भिजवला की दोर लवकर कुजत नाही, हे गावात सगळ्यांना ठाऊक. पण तो मजबूत राहतो का, हे आकड्यांनी दाखवा, असं जालन्याचे व्यापारी म्हणाले. म्हणून रामरावांनी मला ठेवलं. मी हैदराबादेत सायन्स शिकलो होतो आणि आपल्याला सरासरी काढता येते याचा मला केवढा तोरा होता!

वाख विंचरायचं काम तुळजाबाईकडं. तिच्याकडून जुड्या घ्यायच्या, एकेक कडीला टांगायची, तिच्या खाली अडकवलेल्या पारड्यात वाळू ओतत जायचं. जुडी तुटली की वाळू तोलायची. साध्या वाखाच्या जुड्या शहाण्यासारख्या जवळपास एकाच वजनाला तुटल्या. काढ्यातल्यांचं मात्र विचारू नका. एखादी बरी टिके, तर पुढची दोन ओंजळींतच काडकन जाई. सरासरी साध्या वाखाच्या निम्म्यावर आली. पुन्हा हिशेब मांडला, तरी तेच.

आणि त्याच वाखाचा पहिला दोर त्या सकाळी रामरावांच्या मळ्यातल्या विहिरीवर गेला होता. गाळ काढायला तुळजाबाईचा नवरा कचरू त्यावरून उतरणार होता.

मी हिशेबाचा कागद टाकला. तसाच अनवाणी पळत सुटलो. काठावर पोचलो तर दोर ताणलेला, कचरू खाली, आणि भाकरी घेऊन आलेली तुळजाबाई निवांत बसलेली.

“वर घ्या कचरूला, जल्दी! दोर कच्चा आहे, बिलकुल कच्चा!”

गडी ओढू लागले. मला बघवेना. अखेर चिखलानं माखलेला कचरू काठावर आला आणि वैतागला, “काय झालं? अर्धा गाळ राह्यला की खाली!”

मी धापा टाकत सगळं सांगितलं. तुळजाबाईनं तोंडाला पदर लावला. मला वाटलं रडते, तर ती हसत होती.

“साहेब, तुमी वाख तोडायलाच मागितला न्हाई का? साधा पडलाय ढीगभर, हाताला आला तसा दिला. काढ्यातला थोडका. मंग तोडायला चांगला कशाला घालवू? विंचरताना गळालेला तुटका गळाठा दिला तुमाला. चांगला सगळा दोराला ठेवला.”

“अहो, मला सांगायचं तरी!” मी तडकलो. “माझे सगळे आकडे मातीत गेले!”

“जाऊ द्या की. तुमच्या पारड्यात वाळू होती,” ती म्हणाली. “दोरावर माझे कारभारी लटकणार होते.”

सगळी मोजणी पुन्हा करायची होती, आणि इतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता. कचरू हात धुऊन भाकरी खायला बसला. मला म्हणाला, “बसा साहेब.” मीही हात धुतले आणि त्याच्या शेजारी बसलो.