दहा मैलांचं बटण

"माझ्या घरात एक विमानं पाडते आणि दुसरी ती उचलून ठेवते," असं आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, आणि गंमत म्हणजे त्यात तिखटमीठ काहीच नव्हतं. धाकटी वैमानिक होऊ घातलेली, आणि थोरली सिम्युलेटरची इंजिनिअर. सिम म्हणजे सहा लोखंडी पायांवर उभी असलेली एक पांढरी बंद खोली. आत अस्सल विमानातलं असतं तसं कॉकपिट, काचेबाहेर पडद्यावरचं आकाश. ती खोली डुलते, थरथरते, प्रसंगी आपटते, फक्त जागा सोडून कुठे जात नाही.

धाकटी परीक्षेत दोनदा नापास झाली होती. तिसऱ्यांदा झाली की नारळ मिळणार, हे कंपनीनं तिला तोंडावर सांगितलं होतं. आणि दोन्ही वेळा घोडं एकाच जागी अडलेलं. विमान उतरायला आलेलं असतं, धावपट्टी समोर दिसत असते, आणि समोरून येणारा वारा अचानक पाठीमागून यायला लागतो. पंखांखालचा आधारच निघून जातो आणि विमान खाली बसू लागतं. अशा वेळी काय करायचं हे धाकटीला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिनं घडाघडा सांगितलं असतं. इंजिनांना पूर्ण जोर द्यायचा, नाक वर करायचं आणि ते धरून ठेवायचं. तरी परीक्षक दोन्ही वेळा एवढंच म्हणाले, "शेवटी धीर सोडलास."

या परीक्षकांना सगळे कॅप्टन भुवई म्हणत. गृहस्थ बोलायचे कमी. एक भुवई उचलली की समोरच्याचं पाणी पाणी व्हायचं.

"धीर सोडला म्हणे!" थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "झाडावरून पडून हात मोडला तरी जी पोरगी हूं की चूं करत नव्हती, ती धीर सोडेल? काहीतरीच!"

ती कंबर कसूनच उठली. दुपारी सिम रिकामं असायचं आणि त्या वेळात कोणीही सराव करावा, अशी साहेबांची परवानगी होती. डावीकडे धाकटी, उजवीकडे तिच्याच तुकडीतला एक मित्र, ज्याला सगळे बडबड्या म्हणत, आणि दोघांच्या मागे बटणांच्या पाटीसमोर थोरली, अशी पहिल्या परीक्षेआधीपासून चालत आलेली रोजची बैठक आणखी जोमानं सुरू झाली.

त्या पाटीवरच्या दोन बटणांवर थोरलीचा फार जीव. एक दाबून धरलं की सगळं जागच्या जागी गोठायचं. दुसरं दाबलं की विमान थेट धावपट्टीच्या दहा मैल अलीकडे. उंची बरोबर, वेग बरोबर, चाकं खाली, सगळं कसं ताटात वाढून दिल्यासारखं. विमान जमिनीला लागलंच तर पडदा लालभडक व्हायचा आणि खोली असा दणका द्यायची की दातांवर दात आपटायचे. धाकटीला तो दणका बसू नये म्हणून विमान आपटायच्या आत थोरलीचा अंगठा पहिल्या बटणावर, आणि लगेच दुसऱ्यावर. चला, दहा मैल, पुन्हा. चला, पुन्हा. तासाभरात किती सराव होतो, याचं तिला कोण कौतुक!

एके दिवशी तिच्या मांडीवरचा स्क्रूड्रायव्हर घरंगळून खाली गेला. तो उचलायला ती वाकली आणि अंगठा उशिरा पडला. खालून मान वर केली तर दोन खुर्च्यांच्या मधून तिला धाकटीचे हात दिसले. म्हणजे ते जिथे असायला हवे होते तिथे दिसलेच नाहीत. विमानाचं सुकाणू, ज्याला ही मंडळी योक म्हणतात, ते मोकळं होतं, आणि धाकटीचे दोन्ही हात मांडीवर. विमान अजून हवेत होतं! मग दणका बसला, पडदा लाल झाला.

"हात का काढलेस?" थोरलीनं विचारलं.

"कुठे काढले?"

"अगं, या डोळ्यांनी पाहिलं मी."

"ताई, चष्म्याचा नंबर तपासून घे."

"काढले होतेस खरं," बडबड्या म्हणाला. "मला वाटलं घाम पुसतेयस."

धाकटी खोटं बोलत नव्हती. तिला खरंच पत्ता नव्हता. थोरलीनं विमान पुन्हा दहा मैलांवर ठेवलं आणि या वेळी पडद्याकडे पाहिलंच नाही. एक डोळा बहिणीच्या हातांवर, एक स्वतःच्या अंगठ्यावर. वारा फिरला, विमान बसू लागलं, जमीन वर आली, आणि तिचा अंगठा खाली गेला त्याच क्षणी ते दोन हात योकवरून सुटले.

थोरलीच्या लक्षात आलं. पोरगी घाबरत नव्हती हो, पोरगी वाट बघत होती! आता ताई गोठवणार, आता ताई उचलणार, हे तिच्या बोटांना पाठ झालं होतं. धीर सोडायला शिकवलं कोणी, तर हिनंच, रोज दुपारी, मोठ्या मायेनं.

घरी आल्यावर तिनं हे आईला सांगितलं. आई शिलाई मशीनवर कुणाचीतरी बाही जोडत होती. पायांनी मशीन चालवत, मान वर न करता म्हणाली, "सायकल शिकवतानाही तू असंच केलंस. कॅरिअर धरून गल्लीभर मागे पळायचीस. शेवटी तुला ताप आला, तू अंथरुणात पडलीस, तेव्हा कुठे ती एकटीनं चालवायला लागली." मग तिनं दातानं दोरा तोडला. "या वेळी ताप यायची वाट बघू नकोस म्हणजे झालं."

दुसऱ्या दिवशी थोरलीनं दोन्ही बटणांवर काळी चिकटपट्टी लावली. वर सिमच्या संगणकात जाऊन लाल पडदाही बंद करून टाकला.

"आजपासून कायदा बदलला," ती म्हणाली. "विमान पडलं तर पडलं. कोणी उचलणार नाही. जिथे पडेल तिथेच बसायचं. इंधन बंद करायचं, प्रवाशांना बाहेर काढायच्या सगळ्या सूचना द्यायच्या, रिकाम्या खुर्च्यांना का होईना. आणि मग सुरुवात दहा मैलांवरून नाही, विमानतळाच्या दारातून. इंजिन चालू करण्यापासून."

"वेडी झालीस का?" धाकटी उसळली. "तासात एकदाच होईल मग!"

"होऊ दे."

"परीक्षा तोंडावर आलीय, ताई! सरावाचा खेळखंडोबा करतेयस तू."

"खऱ्या विमानात दहा मैलांचं बटण कुठे असतं ते दाखव, लगेच चालू करते."

धाकटीनं हेडफोन आदळला, पण बसली.

आणि पडली. अर्थातच पडली. हात सुटले, विमान आपटलं, दणका बसला, आणि मग काहीच झालं नाही. लाल पडदा नाही, दहा मैल नाहीत. काचेबाहेर वाकडं गवत. आत अंधार. कुठलीशी धोक्याची घंटा तेवढी वाजत राहिली. बडबड्यासुद्धा गप्प झाला, यावरून काय ते समजा. धाकटीनं मागे वळून पाहिलं. थोरली आपल्या दोन्ही तळव्यांवर मांड्या दाबून बसली होती, कारण अंगठा ऐकत नव्हता.

"प्रवासी," थोरली म्हणाली. "प्रवाशांना काढ बाहेर."

धाकटीनं माईक उचलला. दारं उघडा, सामान घेऊ नका, विमानापासून लांब जा, हे सगळं तिनं त्या रिकाम्या अंधाराला सांगितलं, आणि मधेच तिचा आवाज फुटला. इतक्या महिन्यांत ती शेकडो वेळा पडली होती, पण पडल्यावर तिथे बसून राहायची ही पहिलीच वेळ.

त्या दिवशी धाकटी ताईसाठी न थांबता एकटीच घरी गेली. पण दुसऱ्या दिवशी धाकटी आधी येऊन बसली होती. त्या दिवशीही पडली. त्याच्या पुढच्या दिवशीही पडली, पण या वेळी हात योकवरच होते, पार जमिनीला लागेपर्यंत. थोरलीनं ते पाहिलं आणि मान खाली घालून स्क्रूड्रायव्हर पुसायला घेतला. बोलली असती तर रडली असती. त्यानंतर एका दुपारी विमान जमिनीच्या पार जवळ गेलं, अडखळलं, आणि कुरकुरत वर चढलं. बडबड्यानं अशी आरोळी ठोकली की बाहेरचा पहारेकरी धावत आला.

परीक्षेच्या दिवशी सकाळीच सिमच्या एका पायातून तेल गळायला लागलं. दुरुस्ती झाली, पण इंजिनिअरनं आत असणं भाग होतं. थोरली मागच्या कोपऱ्यातल्या घडीच्या खुर्चीवर बसली. बटणांवर चिकटपट्टी नव्हती. पाटी आज कॅप्टन भुवईंकडे होती.

"एक शब्द नाही," ते थोरलीला म्हणाले.

"नाही सर."

बाकी सगळं निर्वेध पार पडलं. मग शेवटचं उतरणं. धावपट्टी समोर आली आणि वारा फिरला. वेगाचा काटा घसरला. धाकटीनं इंजिनांना पूर्ण जोर दिला, नाक वर घेतलं. विमान तरीही बसतच चाललं. धोक्याची सूचना देणारं यंत्र ओरडायला लागलं. बडबड्या उंची मोजत होता आणि त्याचा आवाज चढत होता. थोरली पडद्याकडे बघत नव्हती. तिला फक्त ते दोन हात दिसत होते. होते. अजून होते. अजून…

आणि सगळं एकदम थांबलं.

क्षणभर तिला वाटलं, पडलं! पण दणका नव्हता. काचेबाहेर गवत गोठलं होतं, अगदी हाताशी. कॅप्टनांचा अंगठा पहिल्या बटणावर होता.

"पुरे," ते म्हणाले. "एकदा पुन्हा करायची मुभा आहे. दहा मैलांवर ठेवतो."

धाकटी वळली नाही. "सर, विमान पडलंय का?"

भुवई उचलली गेली. "पडणार होतं."

"पण पडलेलं नाही. मग इथूनच सोडा."

"समजतंय ना काय बोलतेस? इथून आपटलीस तर मुभा नाही. सगळं संपलं."

"समजतंय, सर. दहा मैलांवरून कोणीही उतरवेल. मी अजून चालवतेय. माझे हात बघा."

थोरली मनातल्या मनात ओरडली. घे ना गं बाई दहा मैल! कायदा माझा होता, मी मोडते, हवं तर पाया पडते तुझ्या, घे! पण एक शब्द नाही, असं ती कबूल करून बसली होती. तिनं तळवे मांड्यांखाली सरकवले आणि सगळं वजन त्यांच्यावर टाकलं.

कॅप्टननी त्या हातांकडे पाहिलं. मग त्यांनी अंगठा उचलला.

विमान आणखी खाली गेलं. यंत्र ओरडत होतं. कुठेतरी चाकं घासली, खोली एवढी हादरली की थोरलीची खुर्ची सरकली, आणि धाकटी तोंडातल्या तोंडात म्हणत होती, "धरलंय, धरलंय, धरलंय." मग गवत हळूच खाली सरकलं. काटा हलला. बडबड्या उंची मोजत होता, आणि आता आकडे वाढत होते.

ती वर गेली, वळसा घालून परत आली आणि कोणीही न उचलता, कोणीही न ठेवता, धावपट्टीवर उतरली. इंजिनं बंद झाली. खोलीतले दिवे लागले.

कॅप्टन भुवई उठले. "पास," ते म्हणाले. दाराशी जाऊन थांबले, आपल्याच अंगठ्याकडे बघितलं. "धीर माझा आधी सुटला," ते थोरलीला म्हणाले, आणि जिना उतरून गेले.

बडबड्या नाचायचाच बाकी होता. थोरली पुढे गेली आणि खुर्चीपाशी गुडघ्यांवर बसली. धाकटी समोर बघत होती. गाल ओले, पाठ ताठ, आणि दोन्ही हात अजून योकवर, बोटं पांढरी पडलेली.

"झालं गं," थोरली म्हणाली. "उतरलीस तू. सोड आता."

"सोडतेय," धाकटी म्हणाली. "सुटत नाहीयेत, ताई."

मग थोरलीनं तिचं एकेक बोट हलक्या हातानं सोडवलं.